साचे बघ म्हणालास तेव्हा

धाकू, तुला मी माफ केलेलं नाही. तू गेलास म्हणून माझा आवाज खाली येईल असं तुला वाटलं असेल, तर ते डोक्यातून काढ. चाळीत सध्या जो तो तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतोय. सांगू देत. तू चांगला होतास हे मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे. बारा वर्षं मी तुझ्या शेजारच्या साच्यांवर उभा होतो.

साचा म्हणजे काय हेसुद्धा हल्ली सांगावं लागतं. परवा तुझा पुतण्या मला विचारतो, काका, साचा म्हणजे मूर्तीचा का हो? अरे माझ्या कर्मा! माग. कापड विणायचं यंत्र. एकेकाकडे दोन, आणि गिरणीच्या विणाई खात्यात असे शेकडो, सगळे एकदम चालू. कानाला तोंड लावून बोंबललं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आपण हाताने बोलायचो. दोन बोटं फाकवली की सुताची तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. वरच्या ओठावर आडवं बोट धरलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला. आपल्या जॉबरच्या मिशा होत्याच तशा. ते बोट दिसलं की जो जिथे असेल तिथे गप्प, हात थांबले, तोंड थांबलं, नजर आपापल्या कापडावर. आणि हात पालथा करून दोनदा गोल फिरवला की, मी जरा जाऊन येतो, माझे साचे बघ.

त्या खुणेला कुणी नाही म्हणत नसे. आदल्या दिवशी मारामारी झालेली असली तरी शेजाऱ्याचे साचे बघायचे. खात्यात तेवढा एक धर्म सगळे पाळायचे.

आणि आपल्या लोकांची दुसरी खोड. हात बोलला की ओठ आपोआप हलतात. आवाज नाही, नुसते ओठ आणि जबडा. तू रविवारी घरी जेवतानासुद्धा तसाच बोलायचास. वहिनी म्हणायच्या, ह्यांना घरात आणलंय पण तोंड अजून खात्यातच आहे.

मी गावाहून आलो तेव्हा मला तुटलेल्या तारेला गाठ मारायला तू शिकवलंस. जॉबरकडे माझ्यासाठी शब्द तू टाकलास. ते मी विसरलेलो नाही, कधी विसरणार नाही. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

गिरण्यांच्या संपात खंडेनवमी आली. दरवर्षी आपण साच्यांना हार घालायचो, त्या वर्षी गेटला कुलूप होतं. तू धोटा आणलास. लाकडी धोटा, सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे धावतो तो. खात्यातून कधी उचलून आणला होतास देव जाणे. तुझ्या खोलीत पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि आपण दोघांनी त्यावर हात ठेवला. जाऊ तर दोघं जाऊ, नाहीतर कुणी नाही. मी म्हटलं नव्हतं, तू म्हणालास. मी फक्त हात ठेवला. माझी बायको सुमन आणि वहिनी दोघी तिथे उभ्या होत्या.

आणि मग एका सकाळी तू संप मोडून पोलिसांच्या गाडीतून गिरणीत कामावर गेलास.

मी गेटसमोर होतो. तू जाळीतून बघितलंस आणि मान फिरवलीस. तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ. आठ दिवसांनी आतून एकजण आला, तो म्हणाला, धाकू चार साचे चालवतोय. स्वतःचे दोन आणि शिवाचे दोन. माझे! माझ्या जागेवर उभा राहून माझे साचे तू चालवलेस, आणि साचे चालू आहेत म्हटल्यावर मस्टरवरून माझं नाव गेलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी ऐक. सुमनला आणि दोन्ही पोरांना मी गावी पाठवलं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली ती तिथेच राहिली. मी कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी वाहिल्या, भाजीची हातगाडी लावली, काय काय केलं. थोरला मला वर्षातून दोनदा बघायचा. एकदा मी दारात उभा राहिलो तर तो आईला हाक मारून म्हणाला, पाहुणे आलेत. ते वाक्य मी तुझ्या नावावर लिहून ठेवलं, धाकू. आजही ते तिथेच आहे.

आपण एकाच चाळीत, तू तिसऱ्या माळ्यावर. मी पहिल्या. वीस वर्षं आपण जिन्यात एकमेकांना ओलांडून गेलो. पुढे ती गिरणीच बंद पडली, तुलाही बाहेर काढलं, आणि त्या दिवशी मी चाळीत पेढे वाटले. तुझ्या दारातसुद्धा ठेवला एक. वाईट वाटलं का? नाही. आजही वाटत नाही.

तोवर मला परळच्या एका हॉस्पिटलात चिकटवून घेतलं होतं कुणीतरी. मोठ्या स्कॅनच्या खोलीत, एमआरआयच्या. पेशंटला आत न्यायचं, अंगावरची अंगठी, गंडा, साखळी काढून ठेवायची, फळीवर निजवायचं, डोकं पिंजऱ्यासारख्या चौकटीत बसवायचं. मला सगळे मामा म्हणायचे. मशीन चालवायला रुबिना मॅडम होत्या, काचेपलीकडे बसायच्या. त्या मशीनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ठाक ठाक ठाक ठाक, थेट आपलं खातं.

तिथे एका सकाळी तू आलास. मे महिना आणि कानाला मफलर. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर बोटभर दाढी, कारण त्या बाजूला वस्तरा लागला की वीज पडायची. वारा लागला तरी, घास चावला तरी, बोललास तरी. आधी दातांच्या डॉक्टरने दोन धडधाकट दाढा उपटून बघितल्या होत्या. मग कुणीतरी शहाणा भेटला, तो म्हणाला, दात नव्हेत, नस.

मॅडमनी मला पूर्वी एकदा समजावलं होतं. चेहऱ्याची नस मेंदूतून निघते. तिच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकली की ती प्रत्येक ठोक्याला नसेवर आपटत राहते आणि माणसाला गालात कळ येते. ऑपरेशन करून दोघींना वेगळं करता येतं. पण कवटी उघडण्याआधी सर्जनला बघायचं असतं कोण कुणावर चढलंय, कुठून आलंय. नेहमीच्या फोटोत ते सापडत नाही, कारण त्यात जाड जाड काप घेतात आणि ही नस सुतळीएवढीही नाही. तिच्यासाठी कागदासारखे पातळ काप लागतात. त्याला सात मिनिटं जातात आणि त्या सात मिनिटांत आवंढासुद्धा गिळायचा नाही.

तू फळीवर निजलास. मला ओळखलंस. मी ओळख दाखवली नाही. डोकं हलू नये म्हणून दोन्ही गालांना स्पंज लावायचा असतो, तो मी लावला. डाव्या गालाला मुद्दाम दाबला नाही, पण जपूनही लावला नाही. तुझं अख्खं अंग ताठ झालं. मी तुझ्या हातात रबराचा फुगा दिला, काही झालं तर दाब म्हटलं, आणि बाहेर आलो. वीस वर्षांतलं मी तुझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

मशीन सुरू झालं. काचेतून तुझे पाय, पोट आणि हात तेवढे दिसत होते. तिसऱ्या मिनिटाला कळ आली असणार, कारण पाय आखडले. फुगा तू दाबला नाहीस. दुसरा हात उचललास, पालथा केलास आणि पोटावर दोनदा गोल फिरवलास.

साचे बघ.

पुन्हा. साचे बघ. मग दोन बोटं फाकवलीस, तार तुटली. मग परत साचे बघ. इतक्या वर्षांनी त्या आवाजात तुला दुसरी भाषा आठवली नाही. मला दिसत होतं हात बोलतोय, म्हणजे पिंजऱ्यात ओठ हलतायत, जबडा हलतोय. रुबिना मॅडम स्क्रीनकडे बघून वैतागल्या. माइकवरून तुला तीनदा सांगितलं, हलू नका. त्या आवाजात तुला काय ऐकू येणार? मला म्हणाल्या, मामा, हा पेशंट असा का हलतोय? मी म्हणालो, माहीत नाही मॅडम, दुखत असेल.

आणि मी तोंड फिरवलं. तू जाळीतून फिरवलं होतंस तसंच.

फोटो फिसकटले. बाहेर पेशंटची रांग होती. रिपोर्ट आला की हालचालीमुळे चित्र अस्पष्ट, नसेवर दाब दिसत नाही. सर्जन वहिनींना म्हणाले, जे मला दिसतच नाही ते डोकं उघडून कुठे शोधू? गोळ्या वाढवू. मी कपाटाला टेकून ऐकत होतो. खरं सांगू? मला गोड वाटलं. घरी जाऊन पोटभर जेवलो आणि झोपही छान लागली.

चौदा महिने. गोळ्यांनी तू झिंगल्यासारखा जिना चढायचास. दातांच्या त्या महाभागाने आणखी तीन दाढा काढल्या. वहिनी तुला पातळ पेज नळीने द्यायच्या, ती हनुवटीवरून ओघळायची. तू बोलणं सोडलंस. एकदा तिसऱ्या माळ्याच्या कठड्याशी तू वाकून उभा होतास, जरा जास्तच वाकून, आणि वहिनींनी मागून सदरा धरलेला होता. मी खालून बघितलं. मी दोन पायऱ्या धावत चढलो आणि त्या धावण्याचाच मला राग आला.

मला दया आली असं समजू नकोस. मी विचार केला, हा असाच गेला तर मी भांडू कुणाशी? वीस वर्षं मनात घोळवलेलं सगळं तुला ऐकवायचं राहिलं होतं. तुझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि मुक्या माणसाकडून कसलं उत्तर घेणार. मला तू धड, शुद्धीवर आणि बोलता हवा होतास.

मी रुबिना मॅडमना गाठलं. म्हटलं, तो माझ्या चाळीतला पेशंट हलत नव्हता, बोलत होता. आम्ही विणकर. त्या आवाजात आमचं तोंड आपोआप चालतं. परत घ्या, मी आत उभा राहतो. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"मामा, हे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं?"

"आत्ता सुचलं, मॅडम," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

त्यांनी सर्जनशी बोलून तारीख मिळवली. ह्या वेळी स्पंज मी फुलासारखा लावला. पिंजऱ्यावर एक आरसा असतो, निजल्या निजल्या पायाकडचं दिसावं म्हणून. मी तुझ्या पायाशी उभा राहिलो, आरशात तुझे डोळे सापडेपर्यंत सरकलो, आणि मशीन सुरू झाल्याबरोबर वरच्या ओठावर बोट आडवं धरलं.

जॉबर आला.

तू थिजलास. हात गप्प, तोंड गप्प. मी बोट काढलं नाही. चौथ्या मिनिटाला कळ आली, मला तुझ्या डोळ्यांत दिसली. पाणी कानाकडे वाहत गेलं, पण तू पापणीखेरीज काही हलवलं नाहीस. माझा हात भरून आला. सात मिनिटं मी तुझा जॉबर होतो आणि सात मिनिटं तू माझं ऐकलंस, आयुष्यात पहिल्यांदा.

मॅडमनी मला स्क्रीनपाशी बोलावलं. मेंदूभोवतीच्या पांढऱ्या पाण्यात एक करडा धागा आडवा गेलेला, आणि खालून एक काळं वेटोळं येऊन बरोबर त्याच्या मुळाशी टेकलेलं. धागा तिथे दबून वाकला होता. मला कुणी शिकवायची गरज पडली नाही, बारा वर्षं दुसरं काय बघत होतो? सर्जनने ते काप पुढेमागे करून बघितले, कानामागे कुठे किती उघडायचं ते ठरवलं, आणि ऑपरेशनच्या वेळी नस आणि रक्तवाहिनीच्या मधे कापसासारखा एक बोळा ठेवला. शुद्धीवर आल्यावर तू नर्सकडे पाव मागितलास. डाव्या बाजूने चावलास आणि रडलास म्हणे.

महिन्याने तू गुळगुळीत दाढी करून माझ्या दारात उभा राहिलास. मी म्हटलं, आत ये, मला भांडायचंय. तू म्हणालास, म्हणूनच इलंय.

मग आठ वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी, मैदानाच्या कट्ट्यावर आपण दोघं आणि चण्याची पुडी. काय भांडलोय! मी म्हणायचो, माझे साचे तू का चालवलेस. तू म्हणायचास, शिवा, मी नाही तर दुसऱ्याने चालवले असते. मी म्हणायचो, चालवू दे ना मग दुसऱ्याला, तू कशाला? इथे तू पुडीतले चणे निवडायचास. आत का गेलास ते एकदाच म्हणालास, आजारी आईचं ते अंथरुणात पडून असणं बघवेना. म्हटलं, माझ्या घरी काय लग्न लागलं होतं? त्यावर तू पुडी माझ्याकडे सरकवायचास. धोट्याची शपथ काढली की तू चणे सोलायला लागायचास. दर गुरुवारी मी जिंकायचो आणि दर गुरुवारी जिंकून घरी गेल्यावर मला काहीतरी कमी वाटायचं. सुमन मे महिन्यात आली की म्हणायची, त्या माणसाला किती छळाल? मी म्हणायचो, जन्मभर.

तो शब्द मी पाळणार होतो. मधेच तू उठून गेलास.

परवा तुझा दहावा झाला. माणसं गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं. चहा ठेवला. कप माझ्यापुढे सरकवला आणि उभ्याच राहिल्या. अगदी हळू आवाजात बोलल्या, जशा नेहमी बोलतात.

"भावोजी, पहिल्या वेळी तुम्हाला कळलं होतं ना, हे काय म्हणतायत ते?"

मी कप बशीत फिरवला.

"मशीन चालू असताना ह्यांनी आरशात तुम्हाला काचेपलीकडे बघितलं होतं. घरी आल्यावर पाटीवर लिहून दाखवलं मला. शिवाला कळलं, त्याने तोंड फिरवलं, बरोबर केलं. पुन्हा त्या खोलीत न्यायचं नाव काढू नकोस, त्याला त्रास होतो. असं लिहिलं होतं."

मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"चौदा महिने पेज मी भरवली. कठड्यावरून मी ओढलं. ते तुम्हाला माफ करून गेले, भावोजी. मी नाही केलेलं. चहा घ्या, आणि ह्यापुढे ह्या दारात येऊ नका."

मी चहा प्यायलो. कप विसळून पालथा ठेवला आणि जिना उतरलो. त्यांचं एक अक्षरही चुकलेलं नाही. उलट उतरताना मला बरंच वाटलं, की निदान एक माणूस माझ्यावर धड रागावलं.

पण तू, मेल्या? आठ वर्षं मी तुला कट्ट्यावर बसवून सोलत होतो, आणि तुला सगळं ठाऊक होतं. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, शिवा, तू काचेमागून बघत होतास. माझी बोबडी वळली असती. एका गुरुवारी तरी म्हणायचंस! नाही. तू चणे सोललेस, माझ्या हातावर ठेवलेस, आणि मला जिंकू दिलंस. मी तुला माफ करत नव्हतो आणि तू न विचारता, परस्पर, मला माफ करून बसला होतास. ह्याहून वाईट सूड तू माझ्यावर कुठला घेणार होतास? आता मी भांडायला कट्ट्यावर जाऊन बसतो तर समोर उत्तर द्यायला कुणी नाही, आणि उत्तर तर माझ्याकडेच मागायला हवं होतं. एक शिवी तरी द्यायची होतीस रे, धाकू. एकच.